टेरियर घरी आणताय? आधी त्याचं काम समजून घ्या

सोफ्याखाली चेंडू गेला की बरीचशी कुत्री वाकून बघतात, पंजा घालून एकदोनदा चाचपतात आणि मग केविलवाणा चेहरा करून तुमच्याकडे येतात. आमचा टेरियर, बंड्या, आला नाही. वजन सात किलो, उंची जेमतेम माझ्या गुडघ्याखाली. आडवा पडून, मान वाकडी करून तो सोफ्याचा तळ उकरत राहिला. आधी अस्तर फाटलं, मग आतला स्पंज बाहेर आला. मी आंघोळ करून येईपर्यंत स्वारी सोफ्याच्या पोटात शिरली होती. बाहेर फक्त शेपूट दिसत होती, तीही आनंदाने हलत. चेंडू तोंडात धरून तो बाहेर आला आणि माझ्याकडे असा बघायला लागला, जणू शाबासकी द्यायला मीच उशीर करतेय.

त्या दिवशी मी त्याला खूप रागावले. आज रागावणार नाही. अंधाऱ्या, अरुंद जागेत घुसायचं आणि हातातलं काम अर्धवट सोडायचं नाही, यासाठीच त्याच्या खापरपणजोबांना पिढ्यानपिढ्या निवडून वाढवलं गेलं. टेरियर आपल्या घरात रमेल का, याचं उत्तर या स्वभावापाशी येऊन थांबतं. खालच्या पायऱ्या नवख्यांसाठी आहेत. पहिल्या पाच कुत्रा आणण्याआधीच्या आहेत, त्या घाईत ओलांडू नका.

पायरी १: टेरियर म्हणजे कोण, ते ओळखा

‘टेरा’ म्हणजे लॅटिनमध्ये जमीन. तिथून फ्रेंचमार्गे ‘टेरियर’ हा शब्द आला. जमिनीखाली जाऊन काम करणारा तो टेरियर. ब्रिटनमधल्या शेतांवर, तबेल्यांत आणि गिरण्यांमध्ये उंदीर-घुशी मारणं, कोल्ह्याच्या नाहीतर बॅजर या बिळं खणून राहणाऱ्या जंगली प्राण्याच्या बिळात शिरून त्याला बाहेर हुसकावणं किंवा आतच अडवून धरणं, ही त्याची नोकरी.

या नोकरीची एक खासियत होती. मेंढ्या हाकणारं कुत्रं धनगराच्या शिटीकडे कान लावून काम करतं. टेरियर बिळात शिरला की माणूस वर आणि तो खाली, इशारा देणार कोण? पुढे जायचं की थांबायचं, हे त्याचं त्यानेच ठरवायचं. आपण ज्याला हट्टीपणा म्हणतो तो मुळात हा स्वतंत्र कारभार आहे. भुंकण्याचंही तसंच. जनावर नेमकं कुठे अडवलंय हे वर उभ्या माणसाला खालून येणाऱ्या भुंकण्यावरूनच कळायचं, मग तिथे खणायला सुरुवात व्हायची. गप्प बसणारा टेरियर शिकाऱ्याला कामाचा नव्हता, म्हणून पिढ्यानपिढ्या बोलकेच निवडले गेले. पोस्टमन आला की तुमचं घर डोक्यावर घेणारा हा त्यांचाच वंशज.

जॅक रसेल टेरियरच्या नावामागे खरोखरचा माणूस आहे. इंग्लंडमधल्या डेव्हनचे शिकारवेडे पाद्री जॉन ऊर्फ जॅक रसेल. ऑक्सफर्डला शिकत असताना १८१९ मध्ये त्यांनी एका दूधवाल्याकडून ‘ट्रम्प’ नावाची कुत्री विकत घेतली आणि तिच्यापासून ही परंपरा सुरू झाली. ती बरीचशी पांढरी होती. अशा रंगाचा फायदा उघड होता: मातीने माखून बिळाबाहेर येतोय तो कोल्हा की आपलाच कुत्रा, हा घोटाळा कमी व्हायचा.

नावावर मात्र जाऊ नका. तिबेटन टेरियर खरा टेरियर नाहीच, त्याला हे नाव पाश्चात्त्य प्रवाशांनी चिकटवलं. ब्लॅक रशियन टेरियर हा दांडगा राखणदार. उलट मांडीवर रिबन लावून बसणारा यॉर्कशायर टेरियर, म्हणजे यॉर्की, हा गिरण्यांमधले उंदीर मारणाऱ्यांच्या कुळातला. ते त्याच्या लक्षात आहे, मालकांच्या नसतं.

पायरी २: घराची परीक्षा आधी घ्या

कुत्र्याची निवड करण्याआधी घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून काही प्रश्नांची खरी उत्तरं द्या.

दिवसातून तास-दीड तास कोण देणार? ‘सगळे मिळून’ हे उत्तर बाद. नाव हवं. घर छोटं असेल तर बिघडत नाही. मी लहान फ्लॅटमध्ये सुखाने राहणारे टेरियर पाहिलेत आणि मोठ्या आवारात वेडेपिसे झालेलेही. आवारात सोडलेला कुत्रा स्वतःहून व्यायाम करत नाही, तो स्वतःला उद्योग शोधतो, आणि त्याचा उद्योग तुम्हाला आवडेलच असं नाही.

घरात ससा, हॅमस्टर, गिनीपिग किंवा पक्षी आहे का? असेल तर माझा सल्ला सरळ आहे: टेरियर नको. यावर पुढे बोलूच.

शेजारी किती सहनशील आहेत? भिंतीला भिंत लागून असेल तर हा प्रश्न तुमच्यापेक्षा त्यांचा जास्त आहे.

आणि पुढची १२ ते १५ वर्षं. बहुतेक छोटे टेरियर एवढे सहज जगतात. आज चौथीतला मुलगा ‘मी सांभाळीन’ म्हणतोय, तो कॉलेज संपवेल तेव्हा कुत्रा म्हातारा होऊन तुमच्या पायाशी असेल. म्हणजे कुत्रा मुलाचा नाही, तुमचा. हे मान्य असेल तरच पुढे वाचा.

ॲलर्जीचा एक गैरसमज इथेच काढून टाकते. ‘या जातीचे केस गळत नाहीत, म्हणून ॲलर्जी होत नाही’ असं सर्रास सांगतात. ॲलर्जी करणारे घटक केसांपेक्षा कुत्र्याच्या लाळेत आणि त्वचेच्या कोंड्यात असतात. ते नसलेला कुत्रा अस्तित्वात नाही. घरात कुणाला दमा किंवा ॲलर्जी असेल, तर ठरवण्याआधी त्याच जातीच्या प्रौढ कुत्र्याबरोबर दोन-तीन वेळा काही तास घालवून पाहा.

पायरी ३: कोणता टेरियर?

साडेतीन किलोच्याही आतला यॉर्की आणि खांद्यापाशी साठेक सेंटिमीटर उंच, वीस-पंचवीस किलोचा एअरडेल, दोघेही टेरियर. त्यामुळे ‘टेरियर कसा असतो’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. ढोबळ मांडणी करते, त्यात माझी आवडनिवड आहे हे धरून चाला.

पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्या, थोडी मोठी मुलं असलेल्या घराला मी बॉर्डर टेरियर सुचवीन. पाच-सात किलोचा, दिसायला थोडासा पाणमांजरासारख्या डोक्याचा, साधा, काटक. शिकारीवर त्याला इतर कुत्र्यांच्या टोळीबरोबर काम करावं लागे, म्हणून इतर कुत्र्यांशी त्याचं बऱ्यापैकी जमतं. केर्न टेरियरही चांगला, स्कॉटलंडमधल्या दगडांच्या राशींमध्ये शिकार करणारा, आनंदी गडी. त्याचाच पांढराशुभ्र भाऊबंद वेस्ट हायलँड, म्हणजे वेस्टी. प्रेमळ, पण त्याच्या त्वचेचं दुखणं पुढे वाचा आणि मग ठरवा.

जॅक रसेल बहुतेकांना हवा असतो, आणि बहुतेकांनी घेऊ नये. आकार लहान, चेहरा हसरा, जाहिरातीत शोभणारा, पण आतलं इंजिन ट्रकचं. पळणारे, डोंगर चढणारे, कुत्र्यांच्या खेळांत भाग घेणारे लोक असाल तर त्याच्यासारखा सोबती नाही. संध्याकाळी थकून येऊन टीव्हीसमोर बसणार असाल तर दोघांचेही हाल.

वायर फॉक्स टेरियर देखणा. अमेरिकेतल्या ‘वेस्टमिन्स्टर’ या नामांकित श्वानप्रदर्शनात सर्वोच्च बक्षीस सर्वाधिक वेळा याच जातीने मिळवलंय. पण प्रदर्शनातलं कौतुक बैठकीच्या खोलीत उपयोगी पडत नाही, ऊर्जा तीच. स्कॉटिश टेरियर गंभीर, एका माणसाशी इमान राखणारा, आल्यागेल्याचं कौतुक न करणारा. शांत, प्रौढांच्या घराला तो शोभतो. यॉर्कीला लहान मुलांपासून जपावं लागतं. तीन किलोचा जीव हातातून किंवा सोफ्यावरून पडला तरी पाय मोडू शकतो.

स्टॅफर्डशायर बुल टेरियर आणि त्याचे भाऊबंद हा वेगळा विषय. बैल आणि अस्वलांशी कुत्री झुंजवण्याचा प्रकार ब्रिटनमध्ये १८३५ च्या कायद्याने बंद झाला. त्या झुंजींतल्या बुलडॉगचा आणि टेरियरचा संकर म्हणजे या शाखेचा उगम. चांगल्या घरात वाढलेला स्टॅफी माणसांवर जीव टाकतो, पण अंगात प्रचंड ताकद असते आणि इतर कुत्र्यांशी पटेलच याची खात्री नसते. पहिलाच कुत्रा म्हणून नको. शिवाय पिटबुल प्रकारच्या कुत्र्यांवर काही देशांत बंदी किंवा निर्बंध आहेत. ब्रिटनमध्ये १९९१ च्या कायद्यापासून पिटबुल टेरियर पाळता येत नाही. तुम्ही राहता तिथला नियम आणि घरभाड्याचा करार आधी वाचा.

पायरी ४: पिल्लू कुठून आणायचं

आई बघितल्याशिवाय पिल्लू घेऊ नका. ही एकच अट कटाक्षाने पाळलीत तरी निम्मे फसवणूक करणारे गळतात. आई अनोळखी माणसाजवळ निवांत येते का, पिल्लं घरातल्या आवाजांत वाढताहेत की मागच्या शेडमध्ये, हे डोळ्यांनी पाहा. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडणारा ब्रीडर, म्हणजे पैदास करून पिल्लं विकणारा, नको. चावण्याचा जोर कुठे आवरायचा, हे पिल्लू आईकडून आणि भावंडांकडून शिकतं, आणि टेरियरला या धड्याची गरज जास्तच असते.

जातीप्रमाणे तपासण्यांचे कागद मागा. जॅक रसेलमध्ये डोळ्यातलं भिंग जागेवरून सरकण्याचा आनुवंशिक आजार असतो, त्याची जनुकीय चाचणी होते. बेडलिंग्टन टेरियरच्या यकृतात तांबं साचतं, त्याचीही होते. पांढऱ्या बुल टेरियरमध्ये बहिरेपणा आढळतो, तोही तपासता येतो. ‘आमच्याकडे असलं काही नाही हो’ हा कागद नव्हे.

दोन भावंडं एकदम आणायचा मोह होतो. ‘एकमेकांना सोबत’ म्हणे. ती एकमेकांना घट्ट धरतात, तुम्ही उपरे होता, आणि वर्षभरात मोठी झाली की भांडणं सुरू होतात. टेरियरमध्ये, त्यातही एकाच लिंगाच्या जोडीत, ही भांडणं खोटी खोटी नसतात.

प्रौढ कुत्रा दत्तक घेणं हा पर्याय लोक उगाच मागे ठेवतात. तीन-चार वर्षांच्या टेरियरचा स्वभाव समोर उघडा असतो. मांजर चालतं का, मुलं चालतात का, एकटा राहतो का, हे आश्रयस्थानातले लोक बरंच सांगू शकतात. पिल्लाच्या बाबतीत मात्र हे सगळं फक्त अंदाजाने ठरतं.

पायरी ५: घर तयार करा

घरात जमिनीवर रांगत एक फेरी मारा. गंमत नाही, खरंच रांगा. फ्रिजमागची फट, बाल्कनीच्या गजांमधली जागा, फाटकाखालची पोकळी, लोंबणाऱ्या वायर. तुमची मूठ जाते तिथे टेरियरचं डोकं जाण्याची शक्यता आहे, आणि डोकं गेलं की बाकीचा कुत्रा मागून जातो. आवार असेल तर कुंपणाची उंची मोजून समाधान मानू नका, तो खालून जाणार आहे. कुंपणाच्या पायथ्याला आतल्या बाजूने मजबूत जाळी काटकोनात वाकवून जमिनीत फूटभर पुरा. उकरताना जाळी लागली की तो नाद सोडतो. म्हणजे तिथला तरी.

चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा आणि झायलिटॉल हा साखरेचा पर्याय घातलेले पदार्थ कुत्र्याला विषारी असतात. उंच कपाटात ठेवा, ओट्याच्या कडेवर नको. आणि उंदीर मारायचं औषध घरात किंवा आवारात मुळीच नको. टेरियरच्या घरात त्याचा धोका दुहेरी असतो: तो ते स्वतः खाऊ शकतो, किंवा ते खाल्लेला उंदीर पकडू शकतो.

गळपट्ट्यावर नावाची चकती असू द्या, पण फिरवताना हार्नेस, म्हणजे छातीभोवती बसणारा पट्टा, वापरा. यॉर्कीसारख्या छोट्या जातींची श्वासनलिका नाजूक असते, गळ्याला बसणारा प्रत्येक हिसका तिथे जातो. पिंजरा किंवा बंदिस्त अंथरूण द्या. टेरियरला गुहेसारखी जागा आवडते. शिक्षा म्हणून मात्र त्यात कधीही कोंडू नका.

पायरी ६: पहिले काही आठवडे

तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाच्या मनाची दारं उघडी असतात. या काळात जे भेटतं ते ‘जगातलं नेहमीचं’ म्हणून नोंदलं जातं. यातला निम्मा काळ तुमच्याकडे येण्याआधीच सरलेला असतो, म्हणून घाई करा. छत्री, प्रेशर कुकरची शिट्टी, दाढीवाला माणूस, काठी घेतलेल्या आजी, व्हीलचेअर, पावसाचा रेनकोट. लसीकरण पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर सोडता येत नाही, पण कडेवर घेऊन दाखवता येतं. लसींचं वेळापत्रक पशुवैद्याकडून पहिल्याच आठवड्यात लिहून घ्या.

शू-शीचं शिक्षण सोपं आहे, फक्त कंटाळवाणं. उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर आणि झोपण्याआधी न चुकता त्याच जागी न्या, काम झालं की लगेच बक्षीस. घरात झालं तर गुपचूप पुसा. नाक घासणं, ओरडणं यातून पिल्लू एवढंच शिकतं की तुमच्यासमोर करायचं नाही. मग ते पलंगाखाली करतं.

चावण्याबद्दल मात्र थोडं थांबते, कारण इथे बरेच जण हात टेकतात. टेरियरचं पिल्लू घोट्याला, पायजम्याच्या कडेला, मुलांच्या पळत्या टाचांना झोंबतं. हलतं ते पकडायचं, हेच त्याच्या डोक्यात. अशा वेळी पाय झटकला की उंदीर पळाला असंच त्याला वाटतं, खेळ रंगतो. हात झटकू नका. झाड व्हा: उभे राहा, हात घडी, नजर वर, बोलणं बंद. सुटला की लगेच दोरीचं खेळणं पुढे करा. याला चावायचं, मला नाही. दिवसातून पन्नास वेळा करावं लागतं. दात बदलणं सहा-सात महिन्यांत संपतं, तोवर धीर धरा. आणि एक गोष्ट मला उशिरा कळली. संध्याकाळी सातच्या सुमारास बंड्या पिसाळल्यासारखा चावायचा. मी त्याला आणखी खेळवत होते, त्याला हवी होती झोप. पिल्लाला दिवसाचे सोळा-अठरा तास झोप लागते. खोलीत अंधार करून पिंजऱ्यात ठेवला की दोन मिनिटांत घोरायला लागायचा.

पायरी ७: मुलं आणि टेरियर

टेरियर आणि मुलांचं छान जमतं, कारण दोघांनाही मस्ती आवडते. बिनसतं तेही त्यामुळेच. शेपूट ओढली, ताटलीजवळ हात नेला, झोपेत मिठी मारली, तर काही जाती बिचाऱ्या सहन करतात. टेरियर बहुधा सहन करत नाही. त्याला दुखलं की तो ताबडतोब कळवतो. सहा-सात वर्षांखालची मुलं असतील तर कुत्रा आणि मूल यांना एका खोलीत एकटं सोडायचं नाही. पाच मिनिटांसाठीही नाही, कितीही विश्वास असला तरी. स्टॅफीला मुलांची ‘आया’ म्हणायची पद्धत आहे, ती ऐकून सोडून द्या. कोणताच कुत्रा आया नसतो.

मुलांना तीन नियम पाठ करून घ्या. तो खात असताना आणि झोपला असताना जायचं नाही, त्याला उचलायचं नाही, आणि तो निघून गेला तर मागे लागायचं नाही.

मोठ्यांनी शिकायचं ते वेगळं. चावण्याआधी कुत्रा बरंच काही सांगतो: ओठ चाटतो, झोप आलेली नसताना जांभई देतो, तोंड फिरवतो, डोळ्याचा पांढरा भाग दिसायला लागतो, अंग ताठ होतं. मग गुरगुरतो. गुरगुरण्याबद्दल त्याला कधीही मारू नका. गुरगुरणं ही घंटा आहे, घंटा काढून टाकली म्हणजे आग लागायची थांबत नाही. मुलाला शांतपणे बाजूला घ्या आणि कशामुळे झालं ते शोधा.

पायरी ८: त्याला काम द्या

माझ्या मते लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी ही. नुसतं लांब फिरवून टेरियर थकत नाही. तो तंदुरुस्त होतो, आणि उद्या त्याला आणखी लांब फिरायचं असतं. थकतं ते डोकं.

शिकारीच्या पायऱ्या असतात: वास घेत शोधणं, दबा धरणं, पाठलाग, झडप, आणि मानेला धरून झटके देत मारणं. मेंढपाळ कुत्र्यांमध्ये शेवटच्या पायऱ्या माणसाने निवडीतून दाबल्या. टेरियरमध्ये त्याच जोपासल्या. चीं-चीं वाजणारं खेळणं तो हलवून हलवून फाडतो, आतली शिट्टी काढतो आणि मग त्याच्यातला रस संपतो, ते यामुळे. शिट्टी गप्प झाली, म्हणजे उंदीर मेला. या सगळ्या पायऱ्यांना रोज वाट दिलीत तर सोफा वाचतो.

सकाळचं खाणं ताटलीत देऊ नका. जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळा, पुठ्ठ्याच्या खोक्यात कागदाचे बोळे टाकून त्यात पसरा, गवतात विखरा. दहा मिनिटं नाकाने शोधाशोध केली की बंड्या अर्ध्या तासाच्या चालण्याएवढा दमतो. खोकं फाडलं तर फाडू द्या, पुठ्ठा फाडायलाच आणलाय.

खणायला स्वतःची जागा द्या. आवार नसेल तर लहान मुलांचा प्लास्टिकचा टब पुरतो. त्यात वाळू भरा आणि पहिल्या दिवशी त्याच्यासमोर खेळणं अर्धवट पुरा. दुसऱ्या दिवशी पूर्ण, तिसऱ्या दिवशी खोल. कुंडीकडे वळला तर न ओरडता टबाकडे न्या. आठवड्याभरात बहुतेकांना कळतं की माल टबात मिळतो, कुंडीत नुसती मुळं.

पाठलागासाठी लांब काठीला दोरी आणि दोरीच्या टोकाला फडकं बांधा. काठी जमिनीलगत गोल फिरवा, तो मागे धावेल. मधेच थांबवा, बसायला सांगा, बसला की ‘घे’ म्हणा आणि पकडू द्या. इथे तो एकाच वेळी पळतोय आणि स्वतःला आवरायला शिकतोय. पाच मिनिटं पुरे. वर्षाखालच्या पिल्लाला उड्या मारायला लावू नका, सांधे कच्चे असतात.

रस्सीखेच जरूर खेळा. ‘त्याने कुत्रा आक्रमक होतो’ ही जुनी समजूत. नियम एकच: दात कातडीला लागले की खेळ तिथेच बंद.

पायरी ९: तीन शब्द शिकवा

बसणं, हात देणं वगैरे पाहुण्यांपुढे मिरवायला ठीक. टेरियरच्या घरात ‘सोड’, ‘ये’ आणि ‘पुरे’ हे तीन शब्द पक्के हवेत. पाच-पाच मिनिटांचे तीन सराव एका लांबलचक तासापेक्षा जास्त शिकवतात.

‘सोड’ सौद्याने शिकवा. तोंडात मोजा आहे, तुम्ही उकडलेल्या मांसाचा तुकडा नाकापाशी धरा, मोजा पडला की ‘सोड’ म्हणा, तुकडा द्या, आणि शक्य असेल तेव्हा मोजाही परत द्या. हिसकावून घेतलंत तर तो दोन गोष्टी शिकतो: घट्ट धरायचं, आणि माणूस जवळ आला की गिळायचं.

‘ये’ साठी दहा मीटरची लांब दोरी घ्या आणि ती निदान वर्षभर सोडू नका. आला की प्रत्येक वेळी काहीतरी भारी मिळालं पाहिजे. वीस मिनिटं हाका मारून आला तरी रागवायचं नाही, नाहीतर पुढच्या वेळी चाळीस लागतील. प्रामाणिकपणे सांगते, खारीच्या मागे लागलेल्या टेरियरला परत बोलावणं भल्याभल्यांना जमत नाही. रहदारीजवळ त्याला कधीच मोकळं सोडू नका. बंड्या नऊ वर्षांचा आहे, मी अजून सोडत नाही.

‘पुरे’ हे भुंकण्यासाठी. भुंकूच नये ही अपेक्षा सोडा, त्याच्या रक्ताविरुद्ध आहे. तीन-चार वेळा भुंकला की दाराशी जा, बाहेर बघा, ‘बघितलं, पुरे’ म्हणा आणि आत बोलावून खाऊ द्या. तुम्ही तिकडून ‘गप्प बस’ ओरडलात तर त्याला वाटतं, तुम्हीही भुंकायला आलात.

पायरी १०: मांजर आणि इतर प्राणी

पिल्लू असल्यापासून मांजराबरोबर वाढलेला टेरियर त्या मांजराशी गुण्यागोविंदाने राहू शकतो. त्या मांजराशी. शेजारचं मांजर वेगळं, ते पळतं. मांजराला कुत्रा पोचणार नाही अशी उंच जागा आणि एक बंद दार कायम हवं. ससे, हॅमस्टर, पक्षी यांच्या बाबतीत ओळख करून देण्याच्या भानगडीत पडू नका. ‘आमचा नाही हो तसला’ म्हणणाऱ्यांना एकदाच चूक परवडते, आणि किंमत हॅमस्टर देतो.

पायरी ११: केस

गुळगुळीत केसांच्या जॅक रसेलला आठवड्यातून दोनदा रबरी ब्रश फिरवला की झालं. तो बाराही महिने गळतो, गडद कपडे घालणं सोडून द्या. राठ केसांच्या बॉर्डर, केर्न, फॉक्स टेरियरचे मेलेले केस बोटांनी उपटून काढायची पद्धत आहे, वर्षातून दोन-तीन वेळा. ऐकायला क्रूर वाटतं, पण पिकलेला केस सहज सुटतो आणि कुत्रा बहुधा डुलकी काढतो. यंत्राने कापले तरी चालतं, मात्र केस मऊ होतात, रंग फिकटतो आणि मळ जास्त धरतात. यॉर्की आणि मऊ केसांच्या व्हीटन टेरियरला रोज विंचरावं लागतं, नाहीतर गुंता कातडीपर्यंत जातो.

पायरी १२: आजारांवर नजर

टेरियर काटक असतात आणि दुखणं लपवतात. म्हणून लहान खुणा बघा. तीन पायांवर उड्या मारत चालून पुन्हा नीट चालायला लागला, तर गुडघ्याची वाटी सरकत असेल. वर्षाखालचं पिल्लू मागच्या एका पायाने सतत लंगडत असेल तर मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा कमी होण्याचा आजार असू शकतो. वाट बघू नका. वेस्टी पंजे चाटतोय, पोट लालसर दिसतंय, कानाला वास येतोय, म्हणजे त्वचेची ॲलर्जी बळावतेय. तिच्याशी आयुष्यभर जुळवून घ्यावं लागतं, खर्चही तसाच. स्कॉटिश टेरियरच्या लघवीत रक्त दिसलं तर ‘उष्णता झाली’ म्हणून घरगुती उपाय करत बसू नका. मूत्राशयाच्या कर्करोगाचं प्रमाण या जातीत इतरांपेक्षा बरंच जास्त आहे. डोळा अचानक लाल किंवा निळसर धूसर झाला आणि कुत्रा तो मिटून घेतोय, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. छोट्या तोंडाच्या जातींच्या दातांवर कीटण साचून हिरड्या लवकर बिघडतात, रोज ब्रश करा.

उंदरांशी सामना होणाऱ्या कुत्र्याला रेबीजइतकीच लेप्टोस्पायरोसिसची लस महत्त्वाची. हा आजार उंदराच्या लघवीतून पसरतो आणि माणसालाही होतो. आणि उंदराचं विष पोटात गेल्याचा नुसता संशय आला तरी लगेच निघा, कुत्रा कितीही ठणठणीत दिसत असला तरी. रक्त गोठू न देणाऱ्या विषाची लक्षणं तीन ते पाच दिवसांनी दिसतात, हिरड्या फिक्या पडतात, धाप लागते, आणि तोवर उपचाराचा चांगला काळ निघून गेलेला असतो. जाताना औषधाचं पाकीट सोबत न्या. फाटकं, चघळलेलं असलं तरी न्या, त्यावरच्या नावावरून पशुवैद्याला उतारा ठरवता येतो.